प्रतिसरकारवरची कादंबरी : नायक पेटतो कशाने, आणि खर्च कुणाच्या पदरचा

कराडच्या एका लेखकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रतिसरकारचा, म्हणजे सातारा भागातल्या भूमिगतांनी ब्रिटिशांना समांतर चालवलेल्या सरकारचा काळ, १९४२ ते ४६, आणि वाळवा तालुक्यातलं एक कल्पित गाव घेऊन ते कादंबरी लिहितायत. पहिला खर्डा तिघांना वाचायला दिला आणि तिघांनी तीन तक्रारी केल्या. एकाला नायक चळवळीत का जातो तेच पटलं नाही. त्याचा थोरला भाऊ वडूजच्या मोर्चावरच्या गोळीबारात मरतो आणि नायक दुसऱ्या दिवशी भूमिगत होतो. दुसऱ्याला मारामाऱ्या सिनेमातल्या वाटल्या. तिसरीने विचारलं, या गावातल्या बायका भाकरी थापण्यापलीकडे काही करतात की नाही? आता लेखक विचारतात : हिंसा कमी करू का, एखाद्या बाईच्या हाती बंदूक देऊ का, आणि जातीपातीचा विषय काढू की झाकलेलाच बरा?

मी सांगलीत राहते आणि बरीच वर्षं प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचण्याचं, लेखकाबरोबर बसून ती दुरुस्त करून घेण्याचं काम करते. बेचाळीसवरचं लिखाण आमच्या भागात आटत नाही. कुणाचे आजोबा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते, कुणाच्या माळ्यावर भूमिगत मुक्कामाला असायचे. त्यामुळे तुमची अडचण माझ्या ओळखीची आहे.

माझ्या मते तिन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत. तुमच्या कादंबरीत क्रांती फुकट मिळते. भाऊ गेला की नायक तयार, पोलीस दिसला की गोळी तयार, रात्री वीस माणसं आली की भाकरी तयार. यातलं काहीही कुणाच्या तरी पदरचं गेल्याशिवाय घडत नसतं. प्रत्येक प्रसंगाला ‘हे कुणाच्या पदरचं गेलं?’ एवढं विचारत गेलात तर हेतू, हिंसा, वर्ग आणि बाई हे चार विषय सुटे सुटे सोडवत बसावे लागणार नाहीत.

अर्थात, तुम्हाला नेमकी कसली कादंबरी हवी आहे यावर बरंच अवलंबून आहे. वेगवान, थरारक गोष्ट लिहायची असेल तर सुडाने पेटलेला नायक खुशाल चालतो. वाचकही तेवढ्याच अपेक्षेने बसतो. नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड ही चळवळीची खरी पुढारी माणसं पात्रं म्हणून आणणार असाल तर मोकळीक फार थोडी, आणि जबाबदारी मोठी. खरी माणसं लांबून दिसतील, त्यांची भाषणं, निरोप, नावाचा दरारा येईल आणि गाव तुमचं असेल असं धरून पुढचं लिहिते.

आता नायक. भाऊ वडूजला गेला हे कारण खोटं नाही, पण ते एकटं एवढं ओझं पेलत नाही. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट : ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला पडलेले नऊ जण नावानिशी माहीत आहेत. परशुराम घार्ग्यांचं नाव खटाव तालुक्यात शाळेतली पोरं सांगतील. त्यात तुम्ही दहावा घुसवलात तर तिकडचा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. त्यापेक्षा भावाला जखमी होऊन घरी येऊ द्या. मेलेला भाऊ कादंबरीत एकदाच उपयोगी पडतो. जखमी भावाला लपवावं लागतं, त्याच्या मलमपट्टीला पैसे लागतात, वैद्याचं तोंड बंद ठेवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे तो धाकट्याला ‘तू जाऊ नगंस’ असं म्हणू शकतो. भावासाठी पेटलेल्या नायकाला भावानेच अडवलं की तो खरा कशासाठी जातोय हे त्यालाही शोधावं लागतं.

त्या सप्टेंबरचा पहिला पंधरवडा नीट वापरा. ३ तारखेला तासगावचा मोर्चा कचेरीवर तिरंगा लावून परतला. सहा दिवसांनी वडूजला गोळीबार, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. म्हणजे आठवड्यापूर्वी कचेरी हाताशी आल्यासारखी वाटत होती, आणि आठवड्याने उघड्या मोर्चात माणसं मरतात हे कळलं. तुमचा नायक तासगावहून नाचत आला असेल तर वडूजनंतर तो गप्प का होतो, किती दिवस गप्प राहतो, त्या दिवसांत कुणाला टाळतो, हे लिहा. तुम्ही ते सगळे दिवस एका ओळीत संपवलेत. निर्णय तिथे आहे.

लेखकांना मी तीन कारणं वेगवेगळी लिहून काढायला लावते : माणूस शिरतो कशामुळे, टिकतो कशामुळे, आणि म्हातारपणी विचारलं तर सांगतो काय. शिरण्याची कारणं बहुधा साधी असतात. तालमीतली जोडीची पोरं गेली, शाळेतल्या मास्तरांनी निरोप पोचवायला सांगितला, सेवादलाच्या शिबिरात कुणी पहिल्यांदा नावाने हाक मारली. टिकण्याची वेगळी : वॉरंट निघालं म्हणून घरी परतता येत नाही, आणि आजवर ज्याला पाटलाच्या ओसरीवर बसायला मिळत नव्हतं तो बोलायला लागला की चार गावं ऐकतात. या दुसऱ्या गोष्टीची चव फार जबर असते. सांगण्याचं कारण मात्र ठरलेलं, देशासाठी. तिन्ही खरी असतात. तुम्ही तिसरं घेऊन पहिल्याच्या जागी बसवलंय, म्हणून तो माणूस न वाटता स्मारकावरची पाटी वाटतो.

घरात विरोधही हवा, आणि तो मूर्खांचा नको. साताऱ्याच्या कुणब्याला सरकार-सावकाराविरुद्ध बोलायला शिकवणारा काँग्रेसच्या आधी सत्यशोधक समाज होता. विसाच्या दशकात त्यांचे जलसे, म्हणजे गाण्या-सोंगांतून लोकांना जागं करणारे कार्यक्रम, ऐकलेला बाप १९४२ ला पन्नाशीत असेल. तो म्हणेल, ‘ही शेटजी-भटजींची काँग्रेस, तुझं हितं काय काम?’ त्याचं चूक नाही, बरोबरही नाही. आणि मधला एक भाऊ फौजेत दाखवा. हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत माणसं पाठवणारा, त्यात दुसरं महायुद्ध चालू. घरात मीठमिरची येते ती त्या भावाच्या मनीऑर्डरवर. आता नायकाच्या गटाने पोस्ट जाळायचं ठरवलं तर? पोस्ट, चावड्या, डाकबंगले जाळले गेलेच होते. मनीऑर्डर ज्या टेबलावर मिळते तेच टेबल पेटवायचं आहे, आणि त्या महिन्याची अजून आलेली नाही. असा प्रसंग मिळाला तर ‘गुलामगिरीच्या शृंखला’ हे शब्द तुम्ही आपणहून खोडाल.

तारखा आणि शेतीचं वेळापत्रक शेजारी ठेवण्याची सवयही लावून घ्या. शेणोलीला पगाराची गाडी लुटली गेली ती ७ जून १९४३ ला. सात जून म्हणजे मृग. कुणब्याच्या घरात त्या दिवशी सगळ्यांची नजर आभाळाकडे असते, पाभर बाहेर निघालेली असते, आणि घरातला कर्ता पोरगा रेल्वेच्या रुळाशी. पेरणी कुणी केली? हा प्रश्न इतिहासकाराने नाही विचारला तरी चालेल, कादंबरीकाराने विचारायलाच हवा.

नकाशाचंही तसंच. त्या वेळी हा मुलूख सलग नव्हता. तासगाव, वाळवा ब्रिटिश साताऱ्यात, कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात, सांगली पटवर्धनांची. मधला एखादा ओढा ओलांडला की पोलीस बदलतो. तुमचे भूमिगत शंभर पानं नुसते ‘डोंगरात’ लपतात. हद्दीचा उपयोग केलात तर पाठलाग आपोआप बुद्धीचा होतो.

हिंसेबद्दल. ती कमी करू नका. प्रसंग कमी करा, आणि जो ठेवाल तो दुसऱ्या दिवसापर्यंत न्या. तुमची प्रत्येक चकमक गोळीच्या आवाजावर संपते आणि पुढचं प्रकरण ‘काही महिन्यांनी’ सुरू होतं. म्हणून ती सिनेमातली वाटते.

खबऱ्याला शिक्षा देण्याचा तुमचा प्रसंग घ्या. बैलाला ठोकतात तशी लोखंडी पत्री माणसाच्या पायाला ठोकतात या नुसत्या बोलण्याची दहशत जिल्हाभर होती. प्रत्यक्षात शिक्षा बहुतेकदा तळपायावर काठ्यांची असायची. तुम्ही काठी मारणाऱ्याच्या डोळ्यांतला अंगार रंगवलाय. मी असते तर पाय धरणाऱ्यावर लिहिलं असतं. काठी एकाच्या हातात, पण पाय दोघांनी धरलेले असतात, आणि गाव लहान असेल तर त्यातला एक त्या माणसाचा चुलत-मावस कुणी निघतो. घोटे कसे धरायचे, माणूस किती जोराने आखडतो, पहिल्या दोन काठ्यांनंतर धरणाऱ्याचे हात घामाने सुटायला लागतात, आणि वर तोंड केलं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं म्हणून तो मान खाली घालून आपल्याच पायाच्या नखांकडे बघतो. एवढं एक पान. मग दुसरा दिवस. त्या माणसाला उभं राहता येत नाही. औत त्याची बायको धरते. बांधावरून जाणारे काही बोलत नाहीत. त्याचं पोरगं शाळेत एकटं बसतं. आणि महिन्याभराने कुजबुज सुरू होते की खबर त्याने दिलीच नव्हती. शेवटचं घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण न्याय देणाऱ्याला आपण चुकलो तर काय याची भीती कधी वाटलीच नाही, असं न्यायमंडळ, म्हणजे प्रतिसरकारचं गावातलं कोर्ट, मला पटत नाही. प्रतिसरकारच्या नावाने दरोडे घालणाऱ्या टोळ्याही होत्या, आणि त्यांचा बंदोबस्त करणं हे चळवळीचं मोठं काम होतं. दारावर रात्री थाप पडली तर आत झोपलेल्याला बाहेर कोण आहे हे कसं कळायचं? या एका प्रश्नावर तुमचं निम्मं मधलं प्रकरण उभं राहील.

आपली माणसं मरतात तेव्हाही तसंच. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. दादांच्या खांद्याला गोळी लागली. अण्णा पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. या घटनेची छाया घेऊन लिहिलेलं मी बरंच वाचलंय आणि बहुतेकांत उडी असते, घोषणा असते, कृष्णेचं पाणी नसतं. जुलैअखेर कृष्णेचं पाणी कसं असतं ते आयर्विन पुलावर उभं राहून बघता येतं. सांगली तुमच्यापासून लांब नाही, एका पावसाळ्यात या.

आता भाकरी, कारण माझ्या मते तुमची खरी कादंबरी तिथे आहे. तुम्ही लिहिलंय, ‘काकींनी चटकन वीस जणांचा स्वयंपाक केला.’ या वाक्यावर थांबू. रात्रीचे अकरा वाजलेत. वीस धट्टीकट्टी माणसं दिवसभर चालून आलीत. माणशी तीन भाकरी धरल्या तर साठ. साठ भाकरींना सहा-सात किलो ज्वारीचं पीठ. एवढं दळलेलं पीठ कुणब्याच्या घरात रात्री नसतं. रोजचं पहाटे दळलेलं रोज संपतं. म्हणजे जातं मांडायचं. दोन बायका समोरासमोर बसल्या तरी दोन-तीन तास. आणि जात्याचा आवाज पहाटे येतो हे अख्ख्या गावाला ठाऊक. मध्यरात्री जातं घरघरलं की चार घरं पलीकडची म्हातारी अंथरुणात डोळे उघडणार. सकाळी पाणवठ्यावर तिने ‘रातच्याला दळत हुतीस व्हय गं? पावणं आलं हुतं काय?’ एवढंच विचारलं तरी काकींच्या पोटात गोळा आला पाहिजे.

पुढे. लढाईचे दिवस, धान्यावर लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची वसुली, रॉकेलची टंचाई. ही ज्वारी कुठून आली? पेवातून, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या साठ्यातून काढली असेल तर उन्हाळ्यात काय खाणार? सासऱ्याने देशकार्य म्हणून हो म्हटलं, पण शेवटची भाकरी वाढल्यावर घरातल्या बायकांना काय उरलं? कण्या. शेतमजुराच्या घरी अशी पाळी येतच नाही, कारण वीस जण त्याच्या घरी जेवायला जातच नाहीत. त्याच्याकडे तेवढं धान्य नाही आणि जातीमुळे काही जण जेवणारही नाहीत. म्हणजे क्रांतीला आसरा देण्याचा मानही ज्याच्या पेवात ज्वारी आहे त्याला. तुमचे वर्ग आणि बाई हे दोन्ही विषय या एका जात्यापाशी येऊन भिडले, आणि भाषण एकालाही करावं लागलं नाही. त्या तिसऱ्या वाचकाची तक्रार बायका भाकरी थापतात ही नव्हतीच. तुम्ही भाकरीला किंमत दिली नाही, ही होती.

बंदुकीचं उत्तर यातूनच निघतं. बाईच्या हाती बंदूक द्यायला हरकत नाही, कथेला लागली तर द्या. नुसती तक्रार मिटवायला देऊ नका. खरी उदाहरणं बंदुकीहून चमत्कारिक आहेत. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी स्वतः सांगितलेला प्रसंग आहे : १९४३ मध्ये भवानीनगरला पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक केलं. साथीदार नवरा झाला, त्यांना मारू लागला, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. मार नाटकातला असला तरी अंगाला लागलाच. कादंबरीकार म्हणून मला यात शौर्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. रस्त्यात बायकोला मारणारा नवरा इतका रोजचा होता की कुणालाही त्यात डाव आहे असं वाटलं नाही. तुमच्या गावात असा डाव खेळला तर रात्री त्या बाईचा खरा नवरा तिला काय म्हणतो?

एक प्रसंग मी अनेकांना सुचवला आहे, तुम्हीही घ्या. नायक वर्षभर फरारी आहे. मधे एका रात्री घरी येऊन गेला. चौथ्या महिन्यात त्याच्या बायकोचं पोट दिसायला लागतं. ‘नवरा येऊन गेला’ म्हणावं तर फौजदार दारात, कुठून आला, कुठे गेला, कुणाबरोबर होता. गप्प बसावं तर गाव तोंडात शेण घालणार. चळवळीतली माणसं तिला सांगतील, ‘वहिनी, थोडे दिवस सोसा.’ सासू खरं जाणते, पण चारचौघांत ती सुनेची बाजू घेते की पोराचा जीव वाचवते? इथे बंदूक नाही, गोळी नाही, आणि तुमच्या सगळ्या चकमकींपेक्षा मोठी हिंसा आहे. नायकाला हे कळतं का, कधी कळतं, कळल्यावर तो काय करतो, यावर मी तरी त्याची परीक्षा घेईन. गांधी विवाहाचा, म्हणजे चळवळीने लावलेल्या साध्या, बिनखर्चाच्या लग्नाचा तुमचा प्रसंग गोड झालाय. तिथेही मुलीला कुणी विचारलं का तेवढं बघा. आणि न्यायमंडळापुढे जमिनीचेच तंटे नकोत, नवऱ्याने टाकलेली एक बाई उभी करा. पंचांत तिचा दीर असू दे.

जातीचा विषय झाकू नका, पण त्याला वेगळं प्रकरणही देऊ नका. माणसांच्या कामांतून तो येतो. महारकीचं वतन असलेल्या माणसाला पोलीस आले की हाकेला ओ द्यावीच लागते, दवंडी द्यावी लागते, साहेबाच्या घोड्याचं बघावं लागतं. मग खबर फुटली की पहिला संशय कुणावर? दुसरीकडे, गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्याला चावडीवर हजेरी द्यावी लागते त्याला पोलिसांची भीती १९४२ ला नव्याने कळलेली नाही. नायक वॉरंट निघालं म्हणून पहिल्यांदा रानात झोपतो, तेव्हा या माणसाने त्याच्याकडे कसं बघावं? मला वाटतं, थोडं हसून. आणि सावकार एकाच जातीचा, लबाड डोळ्यांचा, असा करू नका. गहाणखतं मराठा पाटलाच्या पेटीतही होती.

हे मी नैतिकतेसाठी सांगत नाही, कथेच्या शेवटासाठी सांगते. १९४६ ला काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली, भूमिगत बाहेर आले, मिरवणुका निघाल्या. तुमची कादंबरी तिथे, हारतुऱ्यांत संपते. पण गांधीजींच्या खुनानंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत याच भागात ब्राह्मणांची घरं जळाली. त्याच वर्षी कूळकायदा आला, आणि कसणाऱ्याचं नाव लागायची वेळ आली तेव्हा कुणाकुणाची नावं कागदावर चढली, कुणाची राहिली. काकींचं तर कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं. तुमच्या पात्रांपैकी १९४८ च्या त्या रात्री कोण दारात आडवा उभा राहिला आणि कोण घरात गप्प बसला? सगळं लिहायची गरज नाही. पण हे तुम्हाला माहीत असेल तर १९४३ च्या रात्री तीच माणसं कशी बसतात, कशी बोलतात, ते बदलेल.

माहितीसाठी कुणाकडे जावं, असंही तुम्ही विचारलंय. त्या पिढीतलं आता जवळपास कुणी नाही. त्यांच्या सुना आहेत, सत्तरी-ऐंशीच्या. माझा अनुभव असा की पहिल्या भेटीत घरातले पुरुष बैठकीत बसून मिरवणूक आणि सत्कार सांगतात, जे छापूनही आलेलं असतं. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात बसायला मिळालं तर सासूने सांगितलेलं निघतं : कुठल्या कणगीत काय लपवलं होतं, कुणाला ताप होता, कोण कुणावर रुसलं होतं. रेकॉर्डर पुढे ठेवू नका, नंतर घरी येऊन टिपा. कुणाचं घरगुती दुखणं जसंच्या तसं कादंबरीत घालू नका. गावं लहान आहेत, ओळख लागते.

कामाला लागताना सुरुवातीपासून दुरुस्ती करू नका. आधी भाकरीचं प्रकरण नव्याने लिहा, काकींच्या बाजूने, नायक फक्त जेवणाऱ्या वीस जणांतला एक. मग पाय धरण्याचं. मग पोटुशी बायको. ही तीन झाली की पहिलं प्रकरण काढा. वडूजच्या गोळीबाराची त्यातली निम्मी पानं तुम्हाला लागणार नाहीत असा माझा अंदाज आहे.